वर्धिष्णू ग्रंथालयाची जुनी वास्तू

बंगळुरूत १९६२ मध्ये डॉक्युमेंटेशन रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर उभारणारे शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था असल्याचा पाचवा सिद्धांत मांडला होता. म्हणून त्याच शहरात विसाव्या शतकाच्या मध्यातील एखादी ग्रंथालय-इमारत जपावी की पाडावी, हा प्रश्न केवळ स्मरणरंजनाचा राहत नाही. ग्रंथसंख्येबरोबर भारही वाढतो: भारतीय मानकांनुसार घराच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम, तर पुस्तकांच्या मांडण्यांसाठी किमान ६०० किलोग्रॅम भार गृहीत धरतात. शिवाय कार्बोनेशनमुळे, म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची क्षारता घटल्यामुळे, आतली सळई गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट सुटू लागते. पण हा बिघाड वेळीच हेरल्यास बहुधा दुरुस्त होतो, आणि तेवढ्यावरून पाडण्याचा निर्णय घेणे निश्चितच घाईचे आहे.

१९३९ मध्ये म्हैसूर संस्थानात आलेले वास्तुविशारद ओटो कोनिग्सबर्गर यांनी भारतीय विज्ञान संस्थेच्या इमारतींत स्थानिक हवामानाला रचनेचा आधार मानले. वातानुकूलनावाचून सुसह्य राहणारी अशी वास्तू आज अधिकच मोलाची आहे. दुर्दैवाने प्राचीन स्मारकांचा १९५८ चा केंद्रीय कायदा किमान शंभर वर्षे जुन्या वास्तूंपुरताच असल्याने ही पिढी त्याच्या छत्राबाहेर राहते. जड ग्रंथसंग्रह शेजारच्या नव्या इमारतीत हलवून जुन्या दालनात वाचनकक्ष ठेवणे, हा मार्ग पाडकामाच्या निविदेआधी तपासला गेलाच पाहिजे.