पोलिसाचे स्थळ

गेल्या वैशाखात आमच्या भाचीला एक स्थळ सांगून आले. मुलगा फौजदार, निर्व्यसनी, घरचा चांगला. पण माझ्या धाकट्या बहिणीने नाक मुरडले. "दादा, पोलिसांचे शंभरातले पंचाहत्तर संसार मोडतात म्हणे. मोबाइलवर आले आहे!"

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. आकड्यांशी माझे फारसे सख्य नाही. पण ऐकीव आकड्यावर मुलीचे स्थळ मोडावे, हे मनाला पटेना. शोध घेऊ लागलो. असले आकडे अमेरिकेतल्या पोलिसांविषयी वर्षानुवर्षे सांगितले जातात. तिथल्याच मॅकॉय व आमोट या संशोधकांनी २००० सालच्या जनगणनेच्या नोंदी तपासल्या, तेव्हा घटस्फोटित अथवा विभक्त माणसांचे प्रमाण सर्व व्यवसायांत मिळून १६.९६ टक्के निघाले आणि पोलिसांत १४.४७!

बहीण गप्प झाली. पण माझेच समाधान होईना. जनगणना त्या वेळची स्थिती टिपते. मोडून पुन्हा मांडलेला संसार तिच्या लेखी विवाहितांचाच. आणि न मोडताही जो आतून रिता होतो, त्याचे काय?

म्हणून एका माजी विद्यार्थ्याबरोबर पोलीस लाइनीत गेलो. त्याचे वडील हवालदार. रात्रीचे आठ वाजून गेले तरी त्यांचा पत्ता नव्हता. चहा देता देता त्याची आई म्हणाली, "सर, गणपतीत घरोघर आरत्या, आणि आमचे हे मंडपाबाहेर उभे. त्याची सवय होते. पण घरी आले की अंगावरची खाकी उतरते, मनातली उतरत नाही. पोरांशीसुद्धा जबाब घेतल्यासारखे बोलतात."

मुलगा हसला. "सर, बाबांच्या बुटांचा आवाज आला की आम्ही पुस्तके उघडायचो. अभ्यासासाठी नव्हे, बोलायला लागू नये म्हणून!"

शेजारच्या बिऱ्हाडातली सून दोन वर्षे माहेरी आहे. कोर्टाचा कागद झालेला नाही. तो संसार कोणत्या रकान्यात मांडायचा?

काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी! मोडलेल्या लग्नाला आपल्या भाषेत इतके शब्द. पण एका छपराखाली राहून दुरावलेल्यांसाठी एकही नेमका शब्द मला आठवेना.

२०१६ साली मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात एका शिपायाच्याच सूचनेवरून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. संसार सांभाळण्याची सुरुवात अशी घड्याळापासूनच व्हायला हवी. पुढचे ज्याचे त्याने करायचे.

भाचीला मी सारे जसेच्या तसे सांगितले. तिने मुलाला एकच विचारले, "घरी आल्यावर दिवसभराचे मला सांगाल ना?"

तो क्षणभर थांबला. म्हणाला, "सगळे नाही सांगता यायचे. पण गप्प बसणार नाही."

तिला ते उत्तर खरे वाटले. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरला आहे. नवरदेवाची रजा तेवढी मंजूर व्हायची आहे!