आठवडाभराची धूम, पण कानांना सांभाळून!

दसऱ्याची आपट्याची पानं सुकत नाहीत तोच अनेक घरांत एक संवाद ठरलेला असतो.

"आई, आम्ही चौघं गोव्याला जातोय."

"किती दिवस?"

"नाताळ ते नववर्ष. रोज कुठे ना कुठे डीजे आहे!"

आईच्या कपाळावर आठी आणि बाबांचा हात पाकिटाकडे!

आठवडाही तसाच भरगच्च असतो. १९९०च्या दशकात हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर घडलेलं 'गोवा ट्रान्स' हे इलेक्ट्रॉनिक संगीत जगभर पोहोचलं. २००७मध्ये कांदोळीला 'सनबर्न' महोत्सव सुरू झाला. तो २०१६मध्ये पुण्याला गेला, २०२५मध्ये मुंबईत झाला. पण डिसेंबरअखेर गोव्यात जमणारी तरुणाई काही कमी झाली नाही.

इंदूरचा माझा भाचाही दोन वर्षांपूर्वी गेला होता. सहा दिवसांत नऊ कार्यक्रम! परतला तो बसलेला गळा आणि तांबारलेले डोळे घेऊन. "सगळ्यात छान कोणी वाजवलं?" असं विचारलं, तर त्याला धड आठवेना. जेवताना आजीने तीनदा हाक मारली, पण याचं लक्षच नाही. मग हळूच म्हणाला, "मावशी, कानात सारखी शिट्टी वाजतेय गं." तिसऱ्या दिवशी ती थांबली. थांबली हे नशीबच, कारण काहींची कायमची राहते.

कानांचाही आठवड्याचा हिशेब

खर्चाचा हिशेब सगळेच करतात, कानांचा कोणी करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तरी चालतो. ९० डेसिबलला मात्र ही मर्यादा चार तासांवर येते. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला आठवड्याचा वाटा जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा! अशा कार्यक्रमांत आवाज १०० डेसिबलपर्यंत सहज जातो. म्हणजे पहिल्याच संध्याकाळी आठवड्याची शिल्लक संपते.

मग जायचंच नाही का? जरूर जा, पण तयारीने. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग सोबत ठेवा. प्लग बोटांनी वळून बारीक करा, कान वर ओढून आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत धरून ठेवा. साध्या कापसाचा फारसा उपयोग होत नाही. स्पीकरसमोर उभे राहू नका. दर तासाला दहा मिनिटं बाहेर शांत जागी या. कानात शिट्टी वाजू लागली, तर दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम सरळ रद्द करा. कमी ऐकू येऊ लागलं किंवा शिट्टी दोन-तीन दिवसांत थांबली नाही, तर कानाच्या डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

आधी गाळा, मग तिकिटं काढा

कार्यक्रमांची यादी करा आणि तिच्यातली निम्मी नावं खोडा. एका दिवशी एकच कार्यक्रम आणि मध्ये एक पूर्ण दिवस रिकामा, हे सूत्र पाळा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातल्या मोजक्या दिवशीच राज्य सरकार १२पर्यंत सूट देऊ शकतं. त्यामुळे उघड्यावरचे कार्यक्रम बऱ्याचदा दुपारीच सुरू होतात, तर बंद सभागृहांतले उशिरापर्यंत चालतात. दोन्ही गाठायला गेलात, तर जेवणही जातं आणि झोपही.

प्रवासाचं मात्र आधी बघा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे २६ डिसेंबरच्या गाडीसाठी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच जागं व्हायला हवं. हणजूण-वागातोरकडे जायचं असेल, तर मडगावपेक्षा थिवी स्थानक जवळ. विमानाने जाणाऱ्यांना उत्तर गोव्यासाठी दाबोळीपेक्षा २०२३मध्ये सुरू झालेला मोपाचा विमानतळ सोयीचा. राहायची जागा कार्यक्रमाच्या जवळ घ्या. चार पैसे जास्त पडले, तरी रात्रीची टॅक्सी आणि तिची घासाघीस वाचते. मद्य घेतलेल्याने स्कूटरला हात लावायचा नाही, हे निघण्यापूर्वीच सगळ्यांनी मिळून ठरवा. अमली पदार्थ जवळ सापडले, तर १९८५च्या कायद्याने तुरुंगवास होऊ शकतो. 'मित्राची पिशवी होती' असं सांगून सुटका होईलच, या भ्रमात राहू नका.

घराशी करार

पालकांनो, "जायचं नाही" म्हटल्याने मुलं थांबतातच असं नाही, कधी कधी ती सांगायची थांबतात. त्यापेक्षा राहण्याचा पत्ता, सोबत्यांचे फोन नंबर आणि रोजची एक ठरलेली वेळ मागून घ्या. मध्यरात्री दहा फोन करण्यापेक्षा सकाळी अकराचा एक फोन बरा. मुलांनो, तो फोन चुकवू नका. अडचण आली तर ११२ आहेच, पण त्यानंतर घरी कळवायला घाबरू नका.

गेल्या डिसेंबरात भाचा पुन्हा गेला आणि चारच कार्यक्रम ऐकून आला. वागातोरला सूर्य बुडताना वाजलेल्या संगीताबद्दल तो तासभर बोलत होता. आजीने स्वयंपाकघरातून हाक मारली आणि पहिल्याच हाकेला "आलो!" म्हणून उठला.

यंदाची यादी त्याने आत्ताच पाठवली आहे. पुन्हा चार नावं. पाचव्या ओळीत लिहिलंय, 'झोप'.