डॉक्टरांची कमाई : जमा किती, शिल्लक किती

व्यावसायिकांचे हिशेब तपासणे आणि त्यांची प्राप्तिकराची विवरणपत्रे भरणे हा माझा गेल्या पंचवीस वर्षांचा उद्योग. माझ्याकडे येणाऱ्यांत डॉक्टर बरेच आहेत. त्यामुळे लग्नाच्या मांडवात कुणी ‘डॉक्टर काय, खोऱ्याने पैसा ओढतात’ असे म्हणाले की मी सावध होतो. लोक सांगतात तो आकडा बहुधा खोटा नसतो. प्रश्न एवढाच असतो की तो जमेचा आकडा आहे की शिलकीचा.

आधी ‘पगार’ हा शब्द पाहू. खासगी रुग्णालयांत काम करणारे बरेचसे तज्ज्ञ डॉक्टर नोकर नसतात. त्यांना करारावर व्यावसायिक शुल्क मिळते आणि त्यातून १० टक्के कर आधीच कापला जातो. भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही. महिनाभर अंथरुणाला खिळले, तर तो महिना कोरडा जातो. दीड लाख पगार घेणारा अधिकारी आणि दीड लाख शुल्क मिळवणारा डॉक्टर हे म्हणूनच एका मापाने मोजता येत नाहीत.

स्वतःचा दवाखाना असेल तर हिशेब आणखी वेगळा. जागेचे भाडे, परिचारिका आणि कंपाउंडरचे पगार, वीज, जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट, यंत्रांचे हप्ते, विम्याचा हप्ता हे सगळे जमेतूनच जाते. आरोग्यसेवेवर जीएसटी नाही, हे रुग्णाच्या सोयीचे आहे. पण त्यामुळेच खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट डॉक्टरला मिळत नाही. २०१६ साली १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ४४एडीए आले. ठरावीक मर्यादेपर्यंत जमा असलेल्या व्यावसायिकाने निदान निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवली, की त्याच्याकडे खर्चाचा बारीक तपशील मागितला जात नाही. म्हणजे निम्मी जमा खर्चात जाऊ शकते, हे कायद्यानेच गृहीत धरले. रुग्णालयात सल्लागार असलेल्या, फारसा खर्च नसलेल्या डॉक्टरला ही तरतूद लाभाची ठरते. छोटे प्रसूतिगृह चालवणाऱ्याला मात्र निम्म्यात भागवणे अनेकदा जमत नाही.

दुसरा भाग काळाचा. एमबीबीएसला आंतरवासितेसह साडेपाच वर्षे, एमडी किंवा एमएसला तीन, त्यावरच्या अतिविशेष शाखेला आणखी तीन. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्याला बंधपत्राची सेवा करावी लागते. ती टाळायची तर एमबीबीएसनंतर १० लाख आणि पदव्युत्तर शिक्षणानंतर ५० लाख रुपये दंड ठरलेला आहे. प्रवेशपरीक्षेत गेलेले एखाददुसरे वर्ष धरले, तर हृदयरोगतज्ज्ञ स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत तेहतिशी गाठतो. मधल्या काळात विद्यावेतन मिळते, पण त्यातून शिल्लक क्वचितच पडते.

या उशिराची किंमत किती? समजा, एखादा अभियंता बाविसाव्या वर्षी नोकरीला लागला आणि महिना २०,००० रुपये ८ टक्के व्याजाने बाजूला टाकत गेला. दहा वर्षांनी त्याच्याकडे सुमारे साडेछत्तीस लाख रुपये जमतात. त्याचा डॉक्टर मित्र तेव्हा शून्यावर असतो, तोही कर्ज नसेल तर.

आणि इथेच डॉक्टर-डॉक्टरांत फरक पडतो. राज्यातल्या शासकीय महाविद्यालयात वर्षाची फी लाख-दीड लाखाच्या आसपास असते. अनेक अभिमत विद्यापीठांत एमबीबीएसचीच एकूण फी कोटीच्या घरात जाते. त्यातल्या निम्म्यासाठी, म्हणजे ५० लाखांसाठी, १० टक्के व्याजाने पंधरा वर्षांचे कर्ज काढले असे धरू. मासिक हप्ता सुमारे ५३,७०० रुपये येतो आणि एकूण परतफेड जवळपास ९७ लाखांची होते. शैक्षणिक कर्जावरची करसवलतही फक्त व्याजावर, जास्तीत जास्त आठ वर्षे, आणि जुन्या करपद्धतीतच मिळते. पदवी एकच, पाटीवरची अक्षरेही तीच. पण एकाची मिळकत पहिल्या दिवसापासून त्याची असते, तर दुसऱ्याची पंधरा वर्षे बँकेची.

मग डॉक्टरकीत जादा पैसा नाहीच का? आहे. १९४५ साली अमेरिकेत मिल्टन फ्रिडमन आणि सायमन कुझ्नेट्स या अर्थशास्त्रज्ञांनी स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांच्या उत्पन्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे डॉक्टरांचे सरासरी उत्पन्न दंतवैद्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त होते. शिक्षणाचा जादा काळ आणि खर्च यांतून त्या फरकाचा साधारण निम्मा भाग उलगडत होता. उरलेल्याचे कारण त्यांनी व्यवसायात शिरण्याच्या अरुंद दारात शोधले. डॉक्टर कमी म्हणून भाव जास्त.

दार आपल्याकडेही अरुंद आहे. फरक इतकाच, की त्या अरुंदपणाचा नफा आपल्याकडे बराचसा आधीच वसूल होतो. तो जागा देणारी संस्था फीच्या रूपाने घेते. डॉक्टर बाहेर पडतो तेव्हा पुढच्या पंधरा वर्षांच्या जादा कमाईचा मोठा हिस्सा त्याने आगाऊ देऊन टाकलेला असतो. आता तो वसूल करायचा कुणाकडून? समोर एकच माणूस बसलेला असतो, रुग्ण.

हप्त्याचा हा दाब दवाखान्याच्या दाराशी थांबत नाही. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणे-देणे, म्हणजे कट प्रॅक्टिस, आणि गरज नसलेल्या तपासण्या यांविषयी डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी डॉक्टरांच्याच मुलाखतींतून लिहिले आहे. कर्ज हे या गैरप्रकारांचे समर्थन नव्हे. कर्जात बुडूनही सरळ वागणाऱ्यांच्या वह्या मी पाहिल्या आहेत, आणि फुकटात शिकून हात मारणाऱ्यांच्याही. पण दर महिन्याला ५३,००० रुपये भरायचे असलेला तरुण गडचिरोलीत दवाखाना थाटेल, ही अपेक्षा हिशेबात बसत नाही.

माझा निष्कर्ष साधा आहे. शासकीय जागेवर शिकलेल्या किंवा वडिलांचे रुग्णालय आयते मिळालेल्या तज्ज्ञाला डॉक्टरकी पैशाच्या दृष्टीनेही फायद्याची ठरते, फक्त उशिरा. कर्जाने जागा घेतलेल्याला चाळिशीपर्यंत तरी ती बाहेरून दिसते तेवढी किफायतशीर नसते. त्यामुळे मुलाला डॉक्टर करू पाहणाऱ्या पालकांना मी डॉक्टर किती मिळवतात ते सांगत बसत नाही. शिक्षण कुणाच्या पैशांवर होणार, एवढेच विचारतो. हाच प्रश्न आपण समाज म्हणूनही विचारायला हवा. शासकीय जागा कमी ठेवून वाचवलेला पैसा खरे तर वाचत नाही. तो आपल्या बिलात व्याजासकट येतो.