घाट उतरवणारे स्वस्त ब्रेक

ब्रेक लावणे म्हणजे वेगाचे उष्णतेत रूपांतर करणे. सायकल आणि स्वार मिळून 90 किलोंचे वजन सिंहगडाच्या माथ्यावरून पायथ्यापर्यंत, म्हणजे सुमारे 600 मीटर, खाली येते तेव्हा मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेत साधारण पावणेदोन लिटर पाण्याला उकळी फुटेल. यातला काही वाटा वारा आणि टायर उचलतात. बाकीची उष्णता दोन मिलिमीटरहूनही पातळ अशा दोन पोलादी चकत्यांना आणि त्यांना घासणाऱ्या छोट्या पॅडना पचवावी लागते. म्हणून माउंटन बाइकसाठी कमी खर्चातले हायड्रॉलिक डिस्क ब्रेक निवडताना नजर हँडलवरच्या चकचकीत लिव्हरवर खिळते, तरी खरी परीक्षा चाकाजवळ होते.

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये लिव्हर दाबली की तिच्या पोटातला छोटा दट्ट्या नळीतल्या तेलाला ढकलतो, आणि तेल दाबले जाऊन आकसत नसल्यामुळे तोच दाब चाकापाशी असलेल्या कॅलिपरमधल्या मोठ्या दट्ट्यांवर पोहोचून दोन्ही बाजूंचे पॅड चकतीवर आवळतो. दट्ट्याभोवतीची रबरी कडी, म्हणजे सील, दाब येताच किंचित वाकते आणि दाब सुटताच सरळ होताना दट्ट्याला मागे ओढते. पॅड झिजला की दट्ट्या त्या कडीतून थोडा पुढे सरकतो आणि पॅड-चकतीतले अंतर आपोआप पूर्ववत होते. वायरवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकमध्ये ही सोय नसते, त्यांपैकी बहुतेकांत एकच पॅड हलतो, आणि पावसाळ्यातला चिखल वायरच्या आवरणात शिरला की लिव्हर जड होते. सुरुवातीच्या किमतीच्या सायकलीवर असे ब्रेक असतील तर ते बदलण्यावरचा खर्च अनाठायी ठरत नाही.

या वर्गात शिमानोचा एमटी200 आणि टेक्ट्रोचा एचडी-एम275 ही दोन नावे वारंवार समोर येतात. दोन्हींच्या कॅलिपरमध्ये दोनच दट्ट्ये असतात आणि दोन्हींत खनिज तेल चालते. त्यांच्यातल्या फरकावर तासभर वाद घालण्यापेक्षा ज्याचे पॅड जवळच्या दुकानात मिळतात तो घ्यावा, हे अधिक शहाणपणाचे. महागड्या लिव्हरमध्ये पॅड आधी झपाट्याने चकतीजवळ आणून मग जोर वाढवणारी यंत्रणा असते. ती सुखद खरीच, पण तिच्यावाचून घाट अडत नाही. वजनदार स्वाराने किंवा सतत लांब आणि तीव्र उतार उतरणाऱ्याने मात्र चार दट्ट्यांचा, उदाहरणार्थ शिमानो एमटी420 सारखा, ब्रेक निदान पुढच्या चाकाला बसवण्याचा विचार करावा.

वाचलेला पैसा चकतीत घालावा, कारण 160 मिलिमीटरऐवजी 180 मिलिमीटर व्यासाची चकती लावली की त्याच बोटाच्या जोरात सुमारे 12 टक्के अधिक रोध मिळतो आणि उष्णता पसरायला अधिक धातूही मिळतो. अर्थात फोर्क आणि फ्रेम किती मोठी चकती सोसू शकतात ही मर्यादा त्यांच्या निर्मात्याने ठरवलेली असते आणि ती ओलांडू नये. व्यासाइतकाच महत्त्वाचा असतो चकतीचा कस. स्वस्त संचाबरोबर येणाऱ्या अनेक चकत्यांवर फक्त रेझिन पॅड वापरावेत अशी सूचना बारीक इंग्रजी अक्षरांत कोरलेली असते, आणि खरेदीच्या उत्साहात ती हमखास नजरेआड होते. रेझिन पॅड म्हणजे तंतू आणि भुकटी राळेने बांधून केलेले मऊ पॅड; ते आवाज कमी करतात, थंड असतानाही चांगले पकडतात, पण लाल चिखलात भराभर झिजतात. धातूची भुकटी तापवून, दाबून घडवलेले सिंटर्ड पॅड चिखलात आणि उष्णतेत टिकतात, मात्र ओले झाले की किंचाळतात आणि रेझिनपुरत्या मऊ चकतीला लवकर खाऊन टाकतात. शिमानोच्या आरटी26 आणि आरटी56 या चकत्या रेझिनपुरत्या आहेत, तर आरटी66 दोन्ही प्रकार सोसते. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसात फिरणाऱ्याने ब्रेकची पायरी चढण्याआधी ही एक चकती बदलावी.

चकती हबवर सहा बोल्टने बसते की खाचांवर सरकवून एका कड्याने आवळली जाते, आणि कॅलिपरच्या बोल्टमधले अंतर 74 मिलिमीटर आहे की जुन्या पद्धतीचे 51, एवढे मोजून दुकानात जावे.

तेलाच्या बाबतीत आपल्याकडे एक खास धोका संभवतो. मोटारसायकलचे डॉट 4 ब्रेक फ्लुइड गल्लोगल्ली मिळते, आणि सायकलच्या ब्रेकमध्ये हवा शिरल्याची तक्रार घेऊन गेल्यावर हाताशी असलेले तेच ओतले जाण्याची शक्यता असते. ग्लायकॉलवर आधारलेला हा द्रव खनिज तेलासाठी घडवलेल्या रबरी कड्या फुगवतो, दट्ट्ये अडकतात आणि पुष्कळदा अख्खा ब्रेक टाकून द्यावा लागतो. डॉट द्रवाचे उत्कलनतापमान नवे असताना उंच असते, पण तो हवेतला ओलावा शोषत असल्यामुळे ते हळूहळू उतरते. खनिज तेल पाणी शोषत नाही. नेमून दिलेल्या तेलाची छोटी बाटली घरी ठेवली की हा प्रश्नच उरत नाही.

नवा ब्रेक बसवल्यावर लिव्हर दाबून पाहावी: ती ठरावीक जागी टणक थांबली तर ठीक, स्पंजासारखी दबत गेली आणि दोन-चारदा दाबल्यावर टणक झाली तर नळीत हवा आहे, आणि ती तेलासह बाहेर काढावी लागते. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगापासून वीस-तीस वेळा, चाक न जखडता, वेग उतरवावा, म्हणजे पॅडचा पातळ थर चकतीवर चढून पकड येते. साखळीला मारलेल्या तेलाचा फवारा चकतीवर उडाला तर चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते, पण तेल प्यालेला पॅड फेकावाच लागतो. चाक काढून सायकल गाडीत घालताना लिव्हर चुकून दाबली गेली तर पॅड एकमेकांना भिडतात आणि चाक परत बसत नाही; त्यासाठी ब्रेकसोबत मिळणारा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा पॅडमध्ये खोचतात, आणि बहुतेक घरांत तो खोक्याबरोबर पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेलेला असतो.