परसातील वाट : हक्काची की परवानगीची?

आमच्या बेळगावच्या घराच्या परसातून मागील गल्लीतील मंडळी कित्येक वर्षे जिनमंदिरास जात. आम्ही तेथे फाटक बसविले आणि शेजारधर्मच तुटावयाची वेळ आली. तेव्हा कायदा समजून घेतला. तो सभासद बंधुभगिनींस उपयोगी पडावा म्हणून येथे देत आहो.

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे, शेजाऱ्याने वाट २० वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड व हक्क म्हणून वापरली असल्यास त्यास तो हक्क सांगता येतो. परवानगीची ये-जा मात्र कितीही जुनी असली तरी हक्क होत नाही. वाट सर्व जनतेची असेल तर प्रश्न निराळा. मालकाने ती लोकांस अर्पण केली होती काय, हे पाहावे लागते.

वडिलांनी परवानगी दिल्याचा कागद आमच्यापाशी होता; दावा कदाचित जिंकलोही असतो. परंतु गल्ली गमावली असती. म्हणून लोकअदालतीत उभयसंमतीने तडजोड केली : वाट चार फूट रुंद, दिवसा खुली, रात्री बंद. १९८७ च्या कायद्यान्वये असा निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो व त्यावर अपील नाही.

सौद्याची नोंद आपण वहीत करतो. वाटेचीही वेळीच करावी.