ज्योत नसलेला भटारखाना

पालघरजवळच्या मुरबे गावची बोट दोन-चार दिवसांसाठी समुद्रात गेली, की तिच्यावरचं जेवण म्हणजे भात आणि कालवण. डोल जाळ्यात बोंबील आला तर बोंबलाचं, मांदेली आली तर मांदेलीचं. खलाशांपैकीच कुणीतरी रांधतो. त्याच अरबी समुद्रात मुंबईहून कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज निघतं, तेव्हा त्यावरच्या प्रवाशाला पडणारा प्रश्न असतो: आज कुठे जेवायचं?

जाहिरातीत चकाचक दिसणारं हे जहाज वयाने चांगलंच पोक्त आहे. 1990 मध्ये फ्रान्सच्या सां-नाझेर गोदीत ते ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधलं गेलं, मालक बदलत फिरलं आणि सप्टेंबर 2021 पासून मुंबईहून फेऱ्या करू लागलं. लांबी सुमारे 211 मीटर. ‘स्टारलाइट’ आणि ‘फूड कोर्ट’ इथलं जेवण तिकिटातच येतं. ‘चॉपस्टिक्स’मधल्या आशियाई जेवणाला आणि ‘शेफ्स टेबल’च्या एकामागून एक येणाऱ्या पदार्थांना वेगळे पैसे पडतात. हीच ती ‘स्पेशालिटी’ रेस्टॉरंटं.

ही कल्पना जुनी आहे. 1905 मध्ये हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या ‘अमेरिका’ जहाजावर हॉटेलवाल्या रिट्झच्या नावाचं रेस्टॉरंट उघडलं. ठरलेल्या वेळी ठरलेल्या टेबलावर बसण्याऐवजी ज्याने त्याने हवं ते मागवावं आणि वर पैसे द्यावेत, अशी सोय. पण ती श्रीमंतांपुरती राहिली. बाकीचे पुढची कित्येक दशकं पंगतीसारखे दोन पाळ्यांत जेवत. ही शिस्त 2000 साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ‘फ्रीस्टाइल’ म्हणून मोडली आणि जहाजावर एकाच्या जागी अनेक रेस्टॉरंटं आली. जानेवारी 2024 मध्ये सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर खाण्यापिण्याची ठिकाणं वीसहून जास्त आहेत. नॉर्वेजियनची ‘स्काय’ आणि ‘सन’ ही दोन जहाजंही कॉर्डेलियाकडे यायची असल्याचं 2025 मध्ये जाहीर झालं. म्हणजे हा प्रकार आपल्याकडे आणखी वाढणार.

कंपन्या याला प्रवाशाचं स्वातंत्र्य म्हणतात. माझ्या मते त्यात हिशेब जास्त आहे. हजारो माणसं एकाच वेळी एका दालनात येत नाहीत, गर्दी आपोआप पांगते आणि तिकीट विकून झाल्यावरही गल्ल्यात पैसे पडत राहतात. यात गैर काही नाही, पण वरच्या पैशांत नेमकं काय मिळतं ते आधी विचारून घ्यावं.

खरं कौतुक करायचं तर ते खालच्या भटारखान्याचं. मोठ्या प्रवासी जहाजाला आगीचं भय सगळ्यात जास्त, म्हणून तिथे गॅसची शेगडीच नसते, जवळजवळ सगळं विजेवर. आता आपला स्वयंपाक डोळ्यांपुढे आणा. फुलका जाळावर टाकून फुगवता येत नाही. भरताचं वांगं भट्टीत भाजायचं, तंदूरही विजेचा. जहाज डोललं तर पातेली घसरू नयेत म्हणून तापत्या तव्यांच्या कडांना कठडे. त्यातच जैन जेवण हवं, म्हणजे कांदा-लसूण नसलेलं रांधणं वेगळं. चिनी सजावटीचं दालन उभारण्यापेक्षा हे मला कितीतरी अवघड वाटतं.

आणि हे काम आपल्या किनाऱ्याला नवं नाही. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटींवर एकोणिसाव्या शतकापासून गोव्याचे आचारी आणि वाढपी असत. त्यांच्या गावांचे कूड, म्हणजे मुक्कामाच्या खोल्या, मुंबईत धोबी तलावाच्या आसपास उभे राहिले. दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात हे तारवटी, म्हणजे जहाजावरचे कामगार, तिथे राहत. साहेबाला रोस्ट वाढायचं आणि स्वतःच्या ताटात हुमण, म्हणजे माशाचं कालवण, आणि भात घ्यायचा, असा त्यांचा दुहेरी संसार.

त्या हुमणाला, आमच्या कालवणाला, वरच्या मजल्यावर आपल्या नावाची जागा मात्र मिळालेली नाही. ‘एम्प्रेस’वर पैसे घेऊन वाढायला पूर्व आशिया आहे, कोकण नाही. अडचण मालाची म्हणाल तर ती खरी, पण अर्धीच. क्रूझ जहाज वाटेत जाळं टाकत नाही; त्याची मासळी बंदरात भरली जाते आणि बहुधा गोठवलेलीच असते. पण पापलेट गोठवून परदेशी पाठवणं पालघरच्या सातपाटी बंदराला नवं नाही. याच पापलेटला महाराष्ट्राने 2023 मध्ये राज्य मासा केलं. सुक्या बोंबलाला आणि जवळ्याला तर बर्फही लागत नाही. (वातानुकूलित जहाजात त्यांचा वास कुठवर जाईल, हा प्रश्न आचाऱ्याने सोडवावा.)

बंदराचंच म्हणाल तर मुरब्याला मोठ्या बंदराचा प्रस्ताव आहे आणि इथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. झालंच तर ते मालाचं बंदर असेल. तिथून कुणी क्रूझला चढणार नाही. तेव्हा मुंबईहून सुटणाऱ्या जहाजवाल्यांना एवढंच सांगणं: पुढच्या जहाजाची रेस्टॉरंटं ठरवताना एक दालन या किनाऱ्याला द्या, आणि तिथलं कालवण पालघरच्या मांगेला या मच्छीमार समाजातल्या एखाद्या बाईच्या हातून चाखल्याशिवाय पास करू नका.