जीर्ण लेखांची वाट लावण्याच्या निरनिराळ्या देशांतील चाली

लिहिलेला कागद उपयोगांतून गेला म्हणजे त्याचें काय करावें, हा प्रश्न लेखनाची संवय असलेल्या प्रत्येक समाजापुढें येतो. सनदा, महजर व राजपत्रें यांस दप्तरांत जागा मिळते. परंतु फाटकी पोथी, फिटलेल्या कर्जाचें खत, घरचें पत्र, वाण्याची यादी, मुलाचा कित्ता यांची वाट लावण्याचें काम दरबाराचें नसून लोकरूढीचें असतें. आमचें म्हणणें असें कीं, नित्याच्या व्यवहाराचे कागद कोठें शिल्लक राहिले व कोठें राहिले नाहींत, याचें उत्तर पुष्कळ अंशीं या रूढींत सांपडतें. मिसर, येमेन, चीन व जपान या चार देशांतील उदाहरणें घेऊन तें येथें दाखवावयाचें आहे. त्यानंतर आपल्याकडील चालीचा विचार करूं.

यहुदी धर्मशास्त्राप्रमाणें ज्या लेखांत ईश्वराचें नांव आलें तो लेख नष्ट करणें निषिद्ध आहे. असा लेख जीर्ण झाला म्हणजे तो ‘गेनिझा’ नांवाच्या कोठडींत ठेवावयाचा व पुढें स्मशानभूमींत पुरावयाचा, असा प्रघात आहे. कैरोनजीक फुस्तात येथील बेन एझ्रा प्रार्थनामंदिरांत मात्र कोठडींतले लेख बहुतांशीं पुरावयाचे राहूनच गेले. भिंतींत उंचावर असलेल्या भोंकांतून शतकानुशतकें कागद आंत पडत राहिले. तेथील यहुदी लोक अरबी भाषा हिब्रू लिपींत लिहीत. ही लिपीच आदरास पात्र झाल्यामुळें धर्मग्रंथांच्या पानांबरोबर विवाहाचे करार, व्यापारी पत्रें, जिनसांच्या याद्या व मुलांनीं अक्षरें गिरविलेलीं पानें हींही त्या कोठडींत गेलीं. १८९६ सालीं अ‍ॅग्नेस लुइस व मार्गारेट गिब्सन या विदुषी भगिनींनीं आणलेलें एक पान केंब्रिज येथील सॉलोमन शेक्टर यांनीं ओळखलें, व त्याच वर्षाच्या अखेरीस ते स्वतः कैरोस गेले. केंब्रिजच्या या संग्रहांत आज सुमारें १,९३,००० तुकडे मोजले जातात. त्यांतील पुष्कळ तुकडे निरुपयोगी समजून दीर्घकाळ पेट्यांतच पडून होते. पुढें गोइटाइन या पंडितानें व्यवहाराच्या कागदांवरून भूमध्यसमुद्रतीरच्या समाजाचें पांच खंडांचें वर्णन सिद्ध केलें. त्याचा पहिला खंड १९६७ सालीं निघाला.

या कोठडीचा आपल्या पश्चिम किनाऱ्याशींही संबंध आहे. अब्राहम बेन यिजू नांवाचा उत्तर आफ्रिकेंतील यहुदी व्यापारी इ. स. ११३२ पासून ११४९ पर्यंतच्या काळांत बहुतेक मंगळुराकडे राहत असे. १७ ऑक्टोबर ११३२ रोजीं आशू नांवाच्या दासीस त्यानें मुक्त केल्याचें पत्र उपलब्ध आहे. एडनचे मित्र त्यास मिरीं, लोखंड व सुपारी यांविषयीं लिहीत, मोडकीं भांडीं नव्यानें ओतण्यासाठीं धाडीत, आणि भेट म्हणून कोरा कागद पाठवीत. कागदाची टंचाई असल्यामुळें तो आलेल्या पत्रांच्या कोऱ्या जागीं व पाठीवर स्वतःचे हिशेब मांडी. मलबाराकडील भांड्यांच्या कारखान्याचा वृत्तांत कैरोच्या एका भिंतीआड सांपडावा, याचें कारण वरील रूढि होय.

मुसलमान लोकांत कुराणाची जीर्ण प्रत पुरणें, तिची शाई धुऊन टाकणें किंवा ती मशिदींतच सुरक्षित जागीं ठेवणें, अशा निरनिराळ्या चाली आढळतात. यांपैकीं तिसऱ्या चालीचें फळ १९७२ सालीं येमेनमधील सनआ शहरीं दिसून आलें. तेथील मोठ्या मशिदीची दुरुस्ती चालू असतां छताच्या पोकळींत जुन्या पानांचा ढीग लागला. मजुरांनीं तो पोत्यांत भरून ठेवला. प्राचीनवस्तुखात्याचे प्रमुख इस्माईल अल-अक्वा यांनीं त्याची योग्यता ओळखली. त्या ढिगांत चर्मपत्रावरील ९०० हून अधिक प्रतींचे अंश निघाले. एका प्रतींत आधींचा लेख पुसून त्यावर दुसऱ्यांदा लिहिलेलें असून खालचा पाठही आतां वाचतां येतो.

चीन देशांत आदर कमी नव्हता, पण त्याची रीत वेगळी होती. लिहिलेला कागद पायाखालीं येऊं देणें अथवा त्यांत जिन्नस बांधणें हें तेथें पाप मानीत. मिंग व चिंग राजवटींत या कामासाठीं मंडळ्या स्थापन झाल्या. त्यांचे लोक टोपल्या घेऊन रस्त्यांतले कागदाचे कपटे वेंचीत, ते खास बांधलेल्या भट्टींत जाळीत, आणि राख नदींत किंवा समुद्रांत सोडीत. तैवान बेटांतील लुंगतान येथें १८७५ सालीं बांधलेली अशी एक भट्टी अद्याप उभी आहे. अक्षराविषयींच्या या अत्यंत भक्तीनेंच घरोघरचे कागद अग्नीच्या स्वाधीन झाले. त्याच देशांत तुन्‌ह्वांगच्या लेण्यांतील एक लहान कोठडी अकराव्या शतकाच्या आरंभीं बंद झाली, ती १९०० सालीं वांग युआनलू या साधूस सांपडली. तेथील हजारों लेख ऑरेल स्टाईन यांनीं १९०७ त व पॉल पेलियो यांनीं १९०८ त नेले. ती कोठडी पवित्र टाकाऊ लेखांची होती कीं शत्रूच्या भयानें भिंत घालून बंद केली होती, याविषयीं पंडितांत मतभेद आहे. परंतु धर्मसूत्रांसमवेत करार व पत्रें वांचलीं, तीं पुरलीं व जाळलीं न गेल्यामुळेंच, हें निर्विवाद आहे.

जपानचें उदाहरण आणखी बोधप्रद आहे. इ. स. ७०२ मधील कुटुंबांच्या नोंदवह्या मुदत संपल्यावर सरकारांतून काढून टाकल्या गेल्या. त्यांची पाठ कोरी असल्यामुळें नारा येथील तोदाइजी मंदिराच्या सूत्रलेखन कचेरीनें ती आपल्या हिशेबासाठीं वापरली. ते हिशेब शोसोइन नांवाच्या भांडारांत राहिले, व त्यांच्या पाठीवरून आठव्या शतकांतील खेड्यांतल्या माणसांचीं नांवें व वयें आज वाचतां येतात.

आतां आपल्याकडे पाहूं. जीर्ण पोथी वाहत्या पाण्यांत सोडावी, ही चाल महाराष्ट्रांत सर्वपरिचित आहे. पंजाबांत गुरु ग्रंथ साहिबाच्या जीर्ण प्रतींस गोइंदवाल येथें विधिपूर्वक अग्नि देतात. उदक काय आणि अग्नि काय, दोहोंतून पुढील पिढीस कांहीं मिळत नाहीं. मोडी कागदांची गति याहून निराळी. त्यांस पावित्र्य नसल्यामुळें ते नदीवर जात नाहींत. वारसांस लिपि वाचतां येत नाहीं म्हणून ते रद्दींत जातात. एकाच रुमालांतील पोथी पाण्यांत व यादी वाण्याकडे, अशी वांटणी झाली म्हणजे त्या घरची साक्ष संपते. पेशवे दप्तरांतून गो. स. सरदेसाई यांनीं ४५ भागांत निवड प्रसिद्ध केली, ती सरकारी कागद एकत्र राहिले म्हणून; खासगी घरांचें रक्षण करणारें असें दप्तर नाहीं.

संग्राहकांस यावरून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली ही कीं, घरधन्याच्या श्रद्धेस धक्का न लावतां विसर्जनापूर्वी पोहोंचावें. विसर्जन व्हावयाचेंच असेल तर निदान प्रत्येक पानाचें छायाचित्र घेण्याची परवानगी मागावी. दुसरी, पाठीचा मजकूर, समासांतील आंकडे व पुठ्ठ्यांत चिकटविलेले कपटे हे पोथीइतकेच जपावे; बेन यिजूचे हिशेब व जपानी नोंदवह्या अशाच जागीं मिळाल्या. तिसरी, रुमाल फोडूं नये. फुस्तातचे तुकडे व्यापाऱ्यांमार्फत अनेक देशांतील ग्रंथालयांत गेल्यामुळें एकाच पत्राचे भाग दोन शहरांत शोधावे लागतात. म्हणून कागद ज्या क्रमानें व ज्या घरीं मिळाले तो क्रम व तें घर प्रथम टिपून ठेवावें, व मगच निवडीस हात घालावा. निवड मागाहून केव्हांही करतां येते. मोडलेला क्रम पुन्हा जुळवितां येत नाहीं.